मदत हवी आहे: सीडीएनची कॅश, फायरवॉल आणि जाहिराती एकत्र कशा चालवायच्या?

नमस्कार मंडळी,

आमची मराठी पाककृतींची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. जाहिराती गूगल ॲडसेन्सच्या, आणि साइटच्या पुढे सीडीएन (पानांच्या प्रती साठवून, म्हणजे कॅश करून, वाचकाजवळच्या सर्व्हरवरून देणारं जाळं) व त्याचीच फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारी यंत्रणा). बॉट संरक्षण कडक केल्यापासून ॲडसेन्सच्या खात्यात ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ (साइटवर जाहिराती विकायची परवानगी कोणाला आहे ते सांगणारी फाइल) सापडत नाही असं दिसतंय. ब्राउझरमध्ये मात्र फाइल नीट उघडते. गूगलच्या क्रॉलरला (साइट आपोआप वाचणाऱ्या प्रोग्रामला) फाइलऐवजी पडताळणीचं पान मिळत असावं, असा माझा कयास आहे. फक्त या फाइलच्या पत्त्याला तपासणीतून सूट देणं पुरेसं होईल का? नुसत्या यूजर एजंटवर (भेट देणारा प्रोग्राम स्वतःचं जे नाव सांगतो त्यावर) विसंबून सूट द्यायला मन धजत नाही, ते नाव कोणीही लावू शकतं.

मोठा पेच पुढेच आहे. जाहिरातींच्या स्क्रिप्ट ज्या डोमेनवरून येतात ती बदलत राहतात, म्हणून कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत (कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या हे ब्राउझरला सांगणाऱ्या नियमांत) डोमेनची यादी टिकत नाही. त्याऐवजी नॉन्स (परवानगी असलेल्या स्क्रिप्टवर लावायचा, एकदाच वापरायचा कोड) लागतो, आणि तो दर प्रतिसादाला नवा हवा. पण आमचं अख्खं एचटीएमएल सीडीएनवर कॅश होतं. म्हणजे सगळ्या वाचकांना एकच नॉन्स जाणार, मग त्या संरक्षणाला अर्थ काय उरला? कॅश बंद केली तर गणपतीत मोदकांसाठी आणि दिवाळीत चकलीसाठी येणारी गर्दी आमच्या छोट्या सर्व्हरला झेपणार नाही.

एज वर्करमधून (सीडीएनच्या सर्व्हरवरच चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून) दर वेळी नॉन्स बदलून कोणी चालवतंय का? पान उघडायला किती फरक पडतो? वाचकांची सुरक्षा सैल करून जाहिराती दाखवायच्या नाहीत, हे पक्कं आहे. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.