इटालियन सिनेमातला कुठला सीन तुमच्या मनातून जात नाही?

रानजाई
काल आमच्या वॉचमनकाकांची सायकल चोरीला गेली. गेटपाशी लावलेली, टाकीचं पाणी सोडून येईपर्यंत गायब. काका काही बोललेच नाहीत, नुसते त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले आणि मला एकदम 'बायसिकल थीव्ज' आठवला. इटालियन दिग्दर्शक दे सिकाचा, १९४८ चा. कॉलेजात असताना बाबांबरोबर पुण्यात फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात पाहिलेला. सगळे शेवटाबद्दल बोलतात, माझ्या डोक्यात मात्र गहाणाचा सीन बसलाय. सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते, आणि तिथला माणूस ते गाठोडं घेऊन रॅकवर चढतो, चढतच जातो, वरपर्यंत नुसती गाठोडीच गाठोडी. म्हणजे अख्ख्या रोमने चादरी गहाण टाकल्यात! बाबा अंधारात हळूच म्हणाले, आजीची पाटली अशीच गेली. मला तोवर हे माहीतच नव्हतं.
तुमचेही अनुभव लिहा, जुना नवा कुठलाही सिनेमा चालेल.

साबुदाणा
+१. त्यातला बाप खरोखरचा कारखान्यातला कामगार होता. आणि ते हॉटेलातलं चीजची तार ओढत खाणारं पोरगं, मागच्या टेबलावरच्या श्रीमंत मुलाकडे वळून वळून बघतं ते... काय खातं ते पण?

निळीशाई
'उंबेर्तो डी', १९५२. पेन्शनवर भागत नाही म्हणून म्हातारा रस्त्यात भीक मागायला हात पुढे करतो, समोरचा पैसे काढतो तेवढ्यात हा हात पालथा करतो, जसं काही पाऊस पडतोय का तेच बघत होता. मग टोपी कुत्र्याच्या तोंडात देतो आणि स्वतः लपतो. काम करणारे गृहस्थ भाषाशास्त्राचे प्रोफेसर होते, नट नव्हेत. माझ्या वडिलांची पेन्शन दोन वर्षं अडकली होती तेव्हा ते उसने मागायला म्हणून मित्राकडे जायचे आणि चहा पिऊन, क्रिकेटच्या गप्पा मारून तसेच परत यायचे. आई दारातच ओळखायची. मी तो सिनेमा परत लावू शकले नाही अजून.

रानजाई
निळीशाई, गलबलून आलं गं. मिळाली का नंतर?

निळीशाई
हो, एरियर्ससकट. पहिल्यांदा आईला मिक्सर घेतला :)

घाटवाट
@साबुदाणा मोझरेला इन कारोत्झा. दोन ब्रेडमधे मोझरेला, अंड्यात बुडवून तळायचं. कडा नीट दाबा नाहीतर सगळं चीज तेलात.

तंबूतला_पोर
'सिनेमा पॅरादिझो' (१९८८). आमचे आजोबा जत्रेत तंबूतल्या टॉकीजवर मशीन चालवायचे, कार्बनच्या कांड्या जोडायच्या त्या मशीनवर. मनगटावर भाजल्याचा रुपयाएवढा डाग होता. त्यातला मशीन चालवणारा आल्फ्रेदो फिल्मच्या आगीत आंधळा होतो तिथे मी उठून बाहेर गेलो. चुंबन आलं की पाद्रीबाबा घंटी वाजवणार आणि तो तुकडा कापला जाणार, आणि शेवटी ते सगळे तुकडे एकत्र, वर मोरिकोनेचं म्युझिक, काय बोलायचं. आजोबांनी तुटलेल्या फिल्मचे तुकडे बिस्किटाच्या डब्यात ठेवलेले, आम्ही उन्हात धरून बघायचो. घर बदलताना डबा गेला. त्याचं वाईट अजून वाटतं.

सह्यमित्र
मस्त धागा. १९५२ ला मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल झाला त्यात बायसिकल थीव्ज होता, बिमल रॉयनी बघितला आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन'. माझे काका तो रिक्षा ओढायचा सीन आला की टीव्ही बंद करायचे.

बोलोन्याहून
मी इथे इटलीत, बोलोन्या शहरात शिकायला आलेय. जूनअखेरीला जुन्या सिनेमांचा फेस्टिव्हल असतो, रात्री भर चौकात मोठा पडदा, फुकट, खुर्ची नाही मिळाली की चर्चच्या पायऱ्यांवर बसायचं.
पण मला लिहायचंय नव्याबद्दल, 'चे आंकोरा दोमानी', २०२३, पाओला कोर्तेलेझीने स्वतः काम करून पहिल्यांदाच डायरेक्ट केलेला. त्या वर्षी इटलीत बार्बीपेक्षा जास्त चालला. काळ १९४६, ब्लॅक अँड व्हाइट. सकाळी नवरा उठल्या उठल्या थोबाडीत मारतो आणि ती कामाला लागते, जणू रोजचंच. शेवट सांगत नाही, एवढंच की त्या जूनमध्ये इटलीतल्या बायकांनी पहिल्यांदा देशपातळीवर मतदान केलं. शेजारच्या अनोळखी आजींनी माझा हात घट्ट धरला आणि दिवे लागल्यावर म्हणाल्या, माझी आई पण त्या रांगेत होती. मला इटालियन तेव्हा धड येत नव्हतं पण एवढं कळलं.

साबुदाणा
काटा आला. आज बघणार हा. @घाटवाट अंड्याशिवाय होईल का? सासूबाईंना चालत नाही.

घाटवाट
मैदा आणि दुधाचं सरसरीत पीठ कर, वर ब्रेडचा चुरा लाव. होतं छान.

निळीशाई
काकांची सायकल मिळाली का गं?

रानजाई
नाही अजून. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी मुलाची जुनी दिलीये, चेन बदलायला टाकलीय. काका रोज विचारतायत, पैसे किती द्यायचे.