वीसच्या वर सायकल पळवणारे मूर्ख? मंग मी मूर्खच बरा

पांदणरस्ता
परवा आपल्या ग्रुपवर 'जुनी लुना' नावानं लिहिणाऱ्या काकांनी लिहिलं की इंजिन बसवलेली सायकल ताशी वीसच्या वर नेऊच नये, रेस अर्ध्याच्या खाली ठेवावी, अन् "बाकी पळवणारे पोट्टे मूर्ख". मूर्ख म्हटल्याचा राग नाही, ते घरी रोजच ऐकतो. पण त्यांचं वाचून कोणी आपलं इंजिन भंगारात घालू नये, म्हणून जराक लांब लिहून रायलो.

माझी काळी सायकल, तिच्यावर चायना इंजिनाचं किट. डब्यावर ८० सीसी छापलं आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ४७ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ३८, हिशेब केला तर भरते ६६. दोन वर्षं झाली. रोज पुलगावला जाणं-येणं, कधीमधी आर्वी. मी ३२ वर चालवतो. रेसची मूठ अर्ध्याच्या उलीशीक वर. तिथं इंजिन एका सुरात लागते, हाताला झिणझिण्या येत नाहीत अन् घरी आल्यावर चहाचा कप हलत नाही.

आता वीसवर काय होते ते ऐका. टू-स्ट्रोकमध्ये मूठ कमी ठेवली की जळालेला धूर पुरता बाहेर निघत नाही. एक आड एक ठोका चुकते. फट्... फट्... फट्. चेन घडीत ढिली, घडीत ताठ, बसणाऱ्याच्या कमरेला झटके. पंधरा दिवसांत प्लग काळाकुट्ट, सायलेन्सरमध्ये डांबरावानी थर. याला काका "इंजिन जपणं" म्हणतात. बैल सहा महिने दावणीला बांधला तर तो जपला जात नाही, आखडते.

अन् पुलगाव-आर्वीची शकुंतला रेल्वे कवाचीच बंद पडली. तिचा वेग तुमी कायले धरून बसले?

जुनी लुना
पोट्ट्या, शकुंतलेवर जाऊ नको. तिच्या डब्यात आमची वरात गेली हाय.

लुना १९७२ साली निघाली. आमच्या घरी ७८ ले आली. पन्नास सीसी. दोन दुधाच्या कॅना, मांगं पोरगी शाळेची, अन् पोळ्याच्या दिवशी तर तिलेच झूल घातली होती पोट्ट्यायनं. बावीस वर्षं चालली. काहून चालली? तिले म्या कवाच फुल रेस देली नाई. इंजिनाले तोंड नाई म्हणून तुमी त्याच्या छातीवर बसता.

आता म्हातारपणी नातवानं सायकलले किट बसवून देलं. त्याच्यावर बी तसाच चालवतो. वीस. पंख्यावानी आवाज. प्लग काढून दाखवू का? चहाच्या रंगाचा हाय, काळा नाई.

चाकदुरुस्ती
दोघंही इंजिनाचंच बोलून रायले. चाकाचं कोणी बोलाल का नाही?

माझं सायकलचं दुकान आहे. असल्या सायकली महिन्याला तीन-चार येतात. इंजिन बिघडलं म्हणून कमी, मागचं चाक गेलं म्हणून जास्त. या किटची मागची गरारी, म्हणजे चेनचं दातांचं चाक, स्पोकांना आवळतात, रबराच्या दोन चकत्या अन् नऊ बोल्ट. नऊ बोल्ट म्हणजे ते ३६ स्पोकच्या चाकासाठी बनलं, दर चार स्पोकांवर एक बोल्ट. आपल्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला स्पोक किती? चाळीस. समोर बत्तीस, मागं चाळीस. मंग बोल्ट कुठं बसते, कुठं स्पोकाला घासते. गरारी डुगडुगते, चेन नाचते, चेन ताणायची ती लोखंडी पट्टी एक दिवस स्पोकांत जाते अन् माणूस धुऱ्यावर.

अन् ब्रेक? रॉडचे. पावसात रिम ओली झाली की रबर नुसतं पुसते. वेग दुप्पट केला तर थांबायला जागा चौपट लागते, ही काही माझ्या दुकानातली गोष्ट नाही. मी गिऱ्हाइकाला सांगतो, रॉडब्रेक असेल तर २५. पुढं जायचं असेल तर आधी समोर चांगला ब्रेक लावून घे, मंग मुठीला हात लाव.

पांदणरस्ता
भाऊ, तुमचं मान्य. माझ्या समोरच्या चाकाला कॅलिपर ब्रेक आहे. ते लिहायचं राहिलं.

चाकदुरुस्ती
राहिलं नाही. मीच बसवला ना तो. मे महिन्यानंतर.

गुरुजी_निवृत्त
सर्वांस नमस्कार. वेग वीस की बत्तीस, हा प्रश्न नंतरचा. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम २, उपकलम २८ वाचावे. चारपेक्षा कमी चाके आणि २५ घनसेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असेल तरच ते कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. आपली ६६ सीसीची 'सायकल' हे मोटार वाहन आहे. म्हणजे नोंदणी हवी, विमा हवा, परवाना हवा, हेल्मेट हवे. यांपैकी काय आहे आपणाकडे?

पांदणरस्ता
हेल्मेट आहे.

फवारणीवाला
गुरुजी, मंग माया जुगाड कायदेशीर हाय का सांगा. कपाशी फवारायच्या पंपाचं इंजिन काढलं, मांगच्या कॅरियरवर उलटं बसवलं, रोलर टायरले टेकवला. चेन नाई, गरारी नाई, स्पोकाची कटकट नाई. ३४ चा बोअर, २८ चा स्ट्रोक.

गुरुजी_निवृत्त
२५.४ घनसेंटिमीटर. बसत नाही.

फवारणीवाला
पॉइंट चारसाठी? चार थेंबासाठी मले चोर ठरवता?

असो. रेसचं म्हणाल तर तुमच्या दोघायचं भांडण मले हसू आणते. अर्धी मूठ न् वीस-बत्तीस काय घेऊन बसले. हे इंजिन मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यायवर दिवसभर वावरात चालते, पाठीवर घेऊन. लहान पिस्टन, लहान स्ट्रोक, त्याले रेसच पाहिजे. कमी रेसवर क्लच पकडतच नाई. वेग मात्र येते बावीस-तेवीस. चिखलात रोलर नुसता फिरते न् टायर उभं राहते, तो भाग वेगळा. ऑइल लिटरले ४० मिली टाकतो, पंचवीसला एक, पंपाले टाकत होतो तसंच. कवा काही झालं नाई.

जुनी लुना
चाळीस मिली?? भजे तळून रायला का इंजिनात? म्या जनमभर वीस टाकलं. पन्नासले एक. इतक्या ऑइलनं धूर होते, प्लग मरते, सायलेन्सर बुजते. पांदणरस्त्याचा प्लग काळा काहून पडते ते आता समजलं, तो बी असंच टाकत असन. कमी रेसचं नाव खोटंच घेतलं त्यानं.

पांदणरस्ता
मी ५० मिली टाकतो. वीसला एक. किटच्या कागदावरच तसं लिहिलं आहे, अन् पहिल्या काही टाक्या तर सोळाला एक. ढोरांच्या औषधाची ५० मिलीची सिरिंज ठेवली आहे त्यासाठी, अंदाजपंचे नाही. काका, तुमची लुना वेगळी, तिचं बेअरिंग वेगळं, ऑइल वेगळं. या किटच्या आतलं काम पाहिलं तर तुमाला रडू येईन. याला ऑइल कमी केलं की पिस्टन पकडलाच, सिलिंडरात जाम झालाच समजा.

फवारणीवाला
उलटं बी होते भाऊ. कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या भोकातून, जेवढं यायचं तेवढंच येते. त्याच्यात ऑइल वाढवलं म्हणजे तेवढं पेट्रोल कमी झालं, हवा तेवढीच. मंग इंजिन तापते. जास्त ऑइल टाकून पिस्टन पकडलेले म्या पाहिले हायेत.

जुनी लुना
हे पहिल्यांदा कोणी शहाण्यासारखं बोललं.

पांदणरस्ता
शहाण्यासारखं? मंग जेट मोठा टाका ना! ऑइल कमी करून कोणतं इंजिन थंड झालं आजवर? गेल्या मे महिन्यात सत्याग्रही घाटात माझा पिस्टन पकडला. ऊन पंचेचाळीसच्या वर. ऑइल संपलं होतं, रस्त्यावरच्या एका दुकानात खुली बाटली भरली, त्यानं दोन झाकणं टाकली अन् म्हणे "बस होते". अर्ध्या घाटात इंजिनाचा आवाज बसला, घसा बसल्यासारखा, अन् मागचं चाक जाम. क्लच दाबेपर्यंत मी रस्त्यावर. कोपर सोलला, गुडघा सोलला. घाटातून सायकल ढकलत उतरलो. म्हणून सांगतो, वीस मिलीवाल्यांनी मला शिकवू नये. सोसलं आहे मी.

चाकदुरुस्ती
ती सायकल माझ्याच दुकानात आली होती. मीटरवर जास्तीत जास्त वेग नोंदवलेला असते. त्या दिवसाचा किती होता, तू सांगतेस का मी सांगू?

पांदणरस्ता
उतार होता.

चाकदुरुस्ती
घाट चढतानी?

पांदणरस्ता
४५. झालं समाधान? चढायच्या आधी वेग घ्यावाच लागते, पायडल मारून चढून पाहा तुमी मे महिन्यात. पण पिस्टन ऑइलमुळंच पकडला.

जुनी लुना
४५! अन् हा मले मूर्खपणाचा अर्थ शिकवून रायला.

बिनआवाजी
राजेहो, इतका वेळ वाचून रायलो. ऑइल नाही, प्लग नाही, रेस नाही. मागच्या चाकात २५० वॉटची मोटर, २५ ला आपोआप थांबते, गुरुजींचा कायदा पण काही म्हणत नाही. रात्री चार्जिंगला लावली की सकाळी तयार.

फवारणीवाला
रात्री लाइन राहते तुमच्या गावात? आमच्याकडं तर वावराले पाणी द्यायचं असन तरच रात्री येते, अन् ते बी माणूस अर्धा झोपला की. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइनच बंद. मोटर चांगली हाय तुमची, पण ४५ किलोची युरियाची बॅग मांगं बांधून काळ्या मातीच्या पांदणीनं आणून दाखवा, मंग बोलू.

बिनआवाजी
बॅग आणायला बैलबंडी आहे घरी.

फवारणीवाला
तेच म्हणतो. ज्याच्याकडं बंडी हाय त्यालेच बिनआवाजी परवडते.

चाकदुरुस्ती
ऑइलचं भांडण पुरं झालं असेल तर मूळ गोष्टीवर या. दोघांपैकी एकानंही मागची गरारी किती दातांची ते सांगितलं नाही. अन् त्याच्याशिवाय ताशी किती अन् रेस किती, हे सगळं हवेत आहे.

इंजिनाच्या आत ८२ अन् २० दातांची जोडी, म्हणजे ४.१. बाहेरची लहान गरारी १० दात. काकांची मागची ४४ ची. म्हणजे इंजिन अठरा वेळा फिरते तवा चाक एकदा. पांदणरस्त्यानं माझ्याकडूनच ३६ ची बसवली, त्याचं पावणेपंधरा. २८ इंची चाक, टायरसकट घेर सव्वादोन मीटर धरा.

पांदणरस्ता ३२ वर चालते तवा इंजिन साडेतीन हजारावर. तोच वीसवर आला तर बावीसशेवर. म्हणून त्याची फटफट करते, त्यात त्याचं खोटं नाही. काकांची त्याच वीसवर सत्तावीसशेच्या जवळ राहते, म्हणून त्यांना तेवढी जाणवत नाही.

पण काका वीसवर चालतच नाहीत. त्यांच्या सायकलला मीटर नाही. मागच्या बाजाराच्या दिवशी मी मोटरसायकलवर त्यांच्या मागं होतो, चांगले दोन किलोमीटर. २६ होते. ४४ च्या गरारीवर २६ म्हणजे किती? साडेतीन हजार. तुमी दोघं एकाच रेसवर चालता अन् दोन दिवसांपासून एकमेकाला मूर्ख म्हणून रायले.

गुरुजी_निवृत्त
टीव्हीएसच्या एक्सएल १०० मोपेडच्या कागदावरही जास्तीत जास्त टॉर्क ३५०० वरच दिलेला आहे, ताकद ६००० वर. हा योगायोग नसावा.

फवारणीवाला
गुरुजी, ते फोर-स्ट्रोक हाय, ९९.७ सीसी. त्याचा न् या डब्याचा काय संबंध? सत्तावीस किलोचं वासरू न् गवळाऊ बैल एका वजनात तोलून रायले.

गुरुजी_निवृत्त
संबंध नाही. मान्य. पण आकडा तोच आहे, इतकेच म्हटले.

जुनी लुना
तुया मोटरसायकलचं मीटर खराब असन. माया नातू म्हनते वीस होते.

चाकदुरुस्ती
नातू कशावर होता काका?

जुनी लुना
मांगच्या कॅरियरवर.

बरं, पंचवीस धर. तरी बत्तीसपेक्षा कमीच ना? इंजिनाचं सोड, पडलं तर माणसाले बत्तीसचं लागते, साडेतीन हजाराचं नाई लागत.

पांदणरस्ता
हे मात्र पटलं. म्हणजे तुमचं पहिलं म्हणणं चूक होतं, पण कारण दुसरंच निघालं.

जुनी लुना
चूक काहून? म्या वीस म्हटलं, तुमी सगळे मिळून पंचवीसवर आले. चाकवाला बी पंचवीसच म्हनते. तूच एकटा बत्तीसवर राहिला.

पांदणरस्ता
माझ्याकडं कॅलिपर आहे.

जुनी लुना
घाटात बी होता का?

फवारणीवाला
कोणाकडं ४१ दातांची गरारी असन तर सांगा, मले चेनवर यायचं हाय. रोलर या पावसाळ्यात नाई टिकत. अन् ऑइल चाळीसच टाकीन, आधीच सांगून ठेवतो.

चाकदुरुस्ती
आहे माझ्याकडं. पण आधी मागची रिम ३६ स्पोकची बसवावी लागेन. चाळीसवर मी लावून देत नाही आता. अन् तुझं इंजिन चेनवर आणायला खाली वेगळी जोडी लागेन, कॅरियरवरून नाही जमणार. घेऊन ये, पाहू.

जुनी लुना
वीस मिली.