दंडारीसाठी माजुलीसारखे मुखवटे : माती का तडकते?

दंडारप्रेमी_ब्रह्मपुरी
मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) दंडारीसाठी, म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या लोकनाट्यासाठी, नरसिंह आणि रावणाचे मुखवटे करायचे आहेत, आसामच्या माजुली बेटावरच्या वैष्णव सत्रांत (मठांत) करतात तसे. बांबूच्या सांगाड्यावर कन्हार (काळी चिकण) मातीचा थर दिला की उन्हात नाकापासून कपाळापर्यंत भेगा जातात. वजनही इतकं होतं की नाचणाऱ्याची मान अवघडते. माती बदलावी की पद्धतच चुकतेय?

कमची
दोन्ही, भाऊ. कन्हार ओली असताना फुगते, वाळताना आकसते. खालचा वाळलेला बांबू तिच्यासोबत आकसत नाही, म्हणून ती फाटते. कुंभाराकडची गाळलेली माती आणा.

पण खरी गोष्ट कापडाची आहे. माजुलीत नुसती माती थापत नाहीत. जुनं सुती कापड मातीच्या पातळ घोळात बुडवून सांगाड्यावर चिकटवतात आणि उन्हात वाळवतात. नाक, भुवया, गाल, दात हे उठाव त्यानंतर शेण-मातीने घडवायचे. शेणातला न पचलेला चारा मातीला धरून ठेवतो. सुरुवात निम्मं शेण, निम्मी माती अशी करा. तुकडा वाळवून बघा, भेग आली तर शेण वाढवा. जाड नाक एकदम लावू नका, आतला ओलावा अडकतो. मुखवट्याचा जोर विणीत आणि कापडात असतो, माती फक्त चेहरा देते. हे पटलं की वजन आपोआप उतरतं.

पुरता कडक वाळण्याआधी, थोडा ओलसर असतानाच, बांबूच्या पातीने घासून गुळगुळीत करा. तिकडे त्या पातीला कोरधोनी म्हणतात.

धानपट्टी
सांगाड्याबद्दल. फार कोवळा बांबू वाळताना आकसतो आणि वीण सैल पडते. शिवाय बांबूत पिठूळ अंश असतो, भुंगा त्यावरच येतो. म्हणून फोडण्याआधी चार-पाच दिवस पाण्यात बुडवून ठेवा. कामट्या पातळ काढून षटकोनी जाळी विणा. कपाळ आणि हनुवटीला जाळी दाट ठेवा. डोक्याला टेकणारी कडी वेगळी बांधा, नाहीतर सगळा भार नाकावर येतो.

रंगपेटी
सत्रांचे जुने रंग जसेच्या तसे उचलू नका. हेंगुल या लाल रंगात पारा आहे, हाइताल या पिवळ्यात आर्सेनिक, आणि मुखवटा घालणारा त्याच्या आत श्वास घेतो. गेरू, पिवळी माती, काजळी आणि डिंक पुरे. केस-दाढीला ताग किंवा अंबाडीचा वाख. थर आतपर्यंत वाळल्याशिवाय रंग लावला तर पापुद्रे सुटतात.

दंडारप्रेमी_ब्रह्मपुरी
रावणाचा जबडा हलवायचा असेल तर?

कमची
तो लोटोकाई प्रकार. साध्या चेहऱ्याच्या मुखवट्याला मुख मुखा म्हणतात. तिसरा बर मुखा, त्यात डोकं आणि धड वेगळं करून जोडतात. श्रीमंत शंकरदेवांच्या (१४४९–१५६८) भाओना नाट्यपरंपरेतले हे मुखवटे आहेत. १६६३ मध्ये स्थापन झालेल्या सामागुरी सत्रात आजही बनतात, आणि माजुलीच्या मुखवट्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

लोटोकाईसाठी खालचा जबडा आधीपासून वेगळा विणा, मागून कापून काढू नका. कापलं की वीण उसवते. कानाजवळ दोन्ही बाजूंना दोरीने ढिला बांधा, नटाच्या हनुवटीखाली पट्टी द्या. सांध्यावर शेण-माती अजिबात नको, तिथे नुसतं कापड, नाहीतर तालमीतच तिथून ढलपे पडायला लागतात.