रशियन फॅसिस्ट पुढारी रोद्झायेव्हस्की परत का गेला?

परळचा_वाचक:
ईशान्य चीनमधल्या मांचुरियातल्या हार्बिन शहरातल्या रशियन निर्वासितांबद्दल वाचताना कॉन्स्तान्तिन रोद्झायेव्हस्की हे नाव भेटलं. जन्म १९०७, ब्लागोवेश्चेन्स्क. १९२५ला सोव्हिएत रशियातून पळून मांचुरियात आला, १९३१ला रशियन फॅसिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला. आयुष्यभर बोल्शेव्हिकांना शिव्या घातल्या आणि १९४५मध्ये आपल्या पायांनी त्यांच्याच हवाली झाला. असं का?

माहीमकर:
मांचुरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. जपान हरला, पाठीशी कोणी उरलं नाही. १९४३लाच जपान्यांनी त्याच्या पक्षाला टाळं ठोकलं होतं.

गिरगावची_पेटीबाई:
माहीमकर म्हणतात ते खरंच. पण हार्बिनमधून पळाल्यावर त्याने स्टालिनला जे पत्र लिहिलं, ते बघा. आपण ज्याला रशियन फॅसिझम म्हणत होतो तो म्हणजे स्टालिनचंच राज्य, हे आपल्याला उशिरा कळलं, असा त्याचा सूर. मला ही निव्वळ शरणागती वाटत नाही. त्याला हुकमत हवी होती, झेंडा कुठलाही चालला असता. माफीच्या आश्वासनावर गेला आणि ऑगस्ट १९४६मध्ये बोल्शेव्हिकांविरुद्ध लढलेला कोसॅक सेनानी अतामान सेम्योनोव्ह याच्याबरोबर खटला चालून गोळी घातली गेली.

मी चाळीस वर्षं मुलांना पेटी शिकवते, म्हणून हार्बिन म्हटलं की मला आधी सिमॉन कास्पे आठवतो. पॅरिसला शिकलेला पियानोवादक, मॉडर्न हॉटेलच्या ज्यू मालकाचा मुलगा. ऑगस्ट १९३३मध्ये त्याला पळवलं. बापाने खंडणी भरली नाही, तेव्हा मुलाच्या कानाचा तुकडा कापून घरी पाठवला. कान! सूर बसायच्या आधी आम्ही मुलांचा कान तयार करतो, दोन-दोन वर्षं नुसतं ‘सा’ ओळखायला लावतो. डिसेंबरात त्याचं प्रेत सापडलं. या कटात रोद्झायेव्हस्कीच्या पक्षाची माणसं होती, आणि त्याच्या ‘नाश पूत’ (म्हणजे ‘आपला मार्ग’) या वर्तमानपत्राने त्यांचीच बाजू उचलून धरली.

परळचा_वाचक:
ताई, हे माहीतच नव्हतं. मारेकऱ्यांना शिक्षा झाली?

गिरगावची_पेटीबाई:
शिक्षा सुनावली गेली, पण जपान्यांच्या राज्यात शेवटी सुटले. अंत्ययात्रेला मात्र हार्बिनची माणसं हजारोंनी रस्त्यावर उतरली होती. पुढाऱ्याबद्दल लिहाल तेव्हा सिमॉनचं नावही लिहा, एवढं कराच.