जबरी चोरीची केस आपसात मिटवता येते का? आणि लगड कधी मिळेल? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिला धागा काढतोय तो असल्या कारणासाठी.

मागच्या वर्षी आई (वय 66) संध्याकाळी फिरून परत येत होती. मोटारसायकलवर दोघे आले, मागच्याने गळ्यातली साखळी ओढली. आईने ती घट्ट धरून ठेवली म्हणून त्याने तिला ढकललं. मनगट मोडलं, साखळी गेली. दोन महिन्यांनी दोघेही सापडले, पण साखळी काही साखळी राहिली नव्हती. पंचनाम्यात 'सोन्याची लगड' (म्हणजे वितळवलेल्या सोन्याचा तुकडा) असं लिहिलंय. दोषारोपपत्र दाखल झालंय, कलम भारतीय न्याय संहिता 309(6) (जबरी चोरी करताना दुखापत), केस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आहे.

गेल्या आठवड्यात एका आरोपीचे नातेवाईक घरी आले. दमदाटी वगैरे नाही, उलट आईच्या पाया पडले. "काकू, पोराचं आयुष्य जाईल, साखळीचे पैसे भरून देतो, केस मागे घ्या." आई विरघळली. भाऊ म्हणतो मिटवून टाक, कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार. माझं डोकं फिरलंय, पण कायदा कळत नाही हेही खरं.

केस अशी मागे घेता येते का? लगड निकाल लागेपर्यंत अडकून राहणार का? आणि ओळख परेडमध्ये आईने एकालाच ओळखलं, दुसरा तिला आठवत नव्हता. मग तो सुटणार का? जाणकारांनी कृपया सांगावं.

काळा_डगला:
मागे घ्यायला ती तुमची केस असायला हवी ना! केसच्या कागदावर बघा, 'सरकार विरुद्ध अमुक' असं असेल. आई फिर्यादी आहेत, पण केस सरकार चालवतं आणि आई त्यात साक्षीदार.

कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात त्याचा तक्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटला कसा चालवायचा ते सांगणारा नवा कायदा) कलम 359 मध्ये आहे. साधी चोरी त्यात आहे, मालाचा मालक कोर्टाच्या परवानगीशिवायही मिटवू शकतो. जबरी चोरी त्यात नाही. गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेण्याची तडजोड (प्ली बार्गेनिंग) कमाल 7 वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच लागू होते. 309(6) ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे तोही रस्ता बंद. उरलं उच्च न्यायालय. त्याच संहितेच्या कलम 528 खाली तिथे केस रद्द करून मागता येते, पण 2012 च्या ग्यान सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने खून, बलात्कार, दरोडा असे गंभीर गुन्हे तडजोडीवर रद्द करू नयेत असं सांगितलंय. जखम झालेल्या जबरी चोरीत मी तरी अशिलाला आशा लावणार नाही.

मग पाहुण्यांना नेमकं काय हवंय? आईंनी पिंजऱ्यात उभं राहून "हा तो नव्हे" म्हणावं, म्हणजे फितूर व्हावं. शपथेवर खोटं बोलणं गुन्हा आहे, आणि गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पैसे घेणं हाही वेगळा गुन्हा. पाया पडणारे हे सांगत नाहीत.

पोराचं आयुष्य जाईल म्हणतात, तर हेही ऐका: प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी स्वतः 3 वर्षांपर्यंतच कैद देऊ शकतात. जास्त हवी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, त्यांची मर्यादा 7 वर्षं. जन्मठेप पुस्तकात आहे.

जुनी_तारीख:
लगडीचं सांगतो, आम्ही यातून गेलोय. निकालाची वाट बघू नका. त्याच कोर्टात मुद्देमाल परत मिळण्यासाठी अर्ज टाका (त्याच संहितेचं कलम 497). सुंदरभाई देसाई निकालात, 2002 साली, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की दागिने वर्षानुवर्षं मालखान्यात ठेवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, हमीपत्र घ्या आणि मालकाला द्या. नव्या कायद्यात तर मालाची नोंद आणि फोटो झाले की 30 दिवसांत आदेश द्यावा असं आहे. (ते 30 दिवस मोजताना कॅलेंडरकडे फार बघू नका.)

अडचण एकच, लगडीवर तुमची खूण नसते. म्हणून बिल, वजनाचा उल्लेख असेल तो कागद, आईंचा साखळी घातलेला जुना फोटो, जे असेल ते जोडा. ज्याच्याकडून लगड जप्त झाली तो सोनारही हक्क सांगायला येऊ शकतो. मिळाली तरी निकालापर्यंत विकायची किंवा मोडायची नाही, कोर्टाने बोलावलं की हजर करायची.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अटच नाही.

सरतपास:
मी स्वतः अशा केसमध्ये साक्ष दिलीय. भीती उलटतपासाची नसते, तारखांची असते. साडी नेसून जायचं आणि 'आरोपीचे वकील गैरहजर' ऐकून परत यायचं. तिसऱ्या खेपेला मला रडू आलं होतं.

साक्षीच्या आधी सहायक सरकारी वकिलांना भेटा आणि आईंना त्यांचा स्वतःचा पोलीस जबाब वाचून दाखवा. दुसरा माणूस आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचं, उगीच बोट दाखवायचं नाही. उलटतपासात तेवढ्या एका खोट्याने पहिल्याची खरी ओळखही मार खाते. शिवाय ओळख परेड हा नुसता आधार असतो, खरा पुरावा कोर्टात शपथेवर पटवलेली ओळख. दुसऱ्याने दिलेल्या माहितीवरून लगड सापडली असेल तर तो त्याच्याविरुद्ध वेगळा पुरावा आहे, त्याला आईंच्या नजरेची गरज नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. पंचनामा परत वाचला, लगड दुसऱ्याच्याच सांगण्यावरून सोनाराकडून जप्त झाली आहे. काळा_डगला यांचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. खोटं बोलावं लागेल हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग त्यांना चहा पाजला तेवढा पुरे."

एकच शंका राहिली: बिल बाबांच्या नावावर आहे आणि बाबा आता नाहीत. अर्ज कुणाच्या नावे करायचा?

जुनी_तारीख:
आईंच्याच. साखळी त्यांच्या गळ्यातून गेली आणि फिर्यादही त्यांचीच. बिलासोबत बाबांचा मृत्यू दाखला जोडा, तुमचं आणि भावाचं 'हरकत नाही' असं प्रतिज्ञापत्रही द्या. आमच्या वेळी त्यासाठीच एक तारीख वाया गेली होती.