एचओ मॉडेल रेल्वेच्या डिझेल इंजिनाचा पुढचा दिवा बंद, वायरिंगबद्दल सल्ला हवा

घोडबंदरकर:
एचओ स्केलचं (१:८७) डिझेल इंजिन, साधं डीसी, १२ व्होल्ट. मागे नेताना मागचा दिवा नीट लागतो. पुढचा आधी लुकलुकायचा, आता अजिबात लागत नाही. मोटर दोन्ही दिशांना व्यवस्थित. दिवे एलईडीचे आहेत. वायर आणि रेझिस्टर कुठला घ्यावा, सामान कुठे मिळेल? पुढे डीसीसी (रुळातून डिजिटल संदेश देऊन इंजिन चालवणं) करायचा विचार आहे.

रूळमित्र:
चाकं घासत बसू नका. मोटर चालतेय, मागचा दिवा लागतोय, म्हणजे रुळावरचा करंट इंजिनातल्या सर्किट बोर्डापर्यंत येतोय. दोष बोर्ड ते पुढचा दिवा एवढ्याच टप्प्यात. आधी लुकलुकून मग बंद पडणं हे बहुतेक वेळा तुटक्या वायरचं लक्षण.

बॉडी काढा आणि सोल्डरच्या जोडापासून दोन-तीन मिलिमीटरवर वायर चिमट्याने हलकेच वाकवून पाहा. सोल्डर इन्सुलेशनच्या आत तारांमध्ये शिरतं, तेवढा भाग ताठ होतो. हा ताठ भाग संपतो तिथेच बॉडी काढता-घालता तारा तुटतात. वरून इन्सुलेशन धड दिसतं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. बोर्डावर वायरी प्लास्टिकच्या टोप्यांनी दाबलेल्या असतील तर पहिला संशय तिथे घ्या, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तो जोड काळा पडतो. टोप्या काढून सरळ सोल्डर करा.

एलईडी तपासायला ९ व्होल्टची बॅटरी आणि मध्ये १ के (किलोओहम) रेझिस्टर. बॅटरी थेट लावली की एलईडी गेलाच.

ऐरोली_यार्ड:
हिशेब असा: १२ मधून पांढऱ्या एलईडीचे साधारण ३ वजा, उरले ९ व्होल्ट. १ के लावला तर ९ मिलिअँपिअर, पाव वॉटचा रेझिस्टर पुरतो. पण एवढा उजेड या आकाराच्या इंजिनाला भडक वाटतो, १.५ ते २.२ के लावा. एलईडी वॉर्म व्हाइटच घ्या, निळसर पांढरा जुन्या डिझेलला अजिबात शोभत नाही. डीसीत दिशा बदलली की १२ व्होल्ट उलटे येतात आणि बहुतेक एलईडींची मर्यादा ५ व्होल्टची असते, म्हणून सीरिजमध्ये एक १एन४१४८ डायोड टाका.

वायर ३० किंवा ३२ एडब्ल्यूजी (जाडीचा नंबर), मल्टिस्ट्रँड. २५ वॉटचं आयर्न, रोझिन कोअर सोल्डर. पत्र्याच्या कामाचं आम्लाचं फ्लक्स चुकूनही नको, बारीक तार आतून खाऊन टाकतं. श्रिंक ट्यूब (उष्णतेने आवळणारी नळी) जोड देण्याआधीच ओवून ठेवा. साध्या इन्सुलेशन टेपचा गोंद उन्हाळ्यात सुटतो, त्याऐवजी कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप. बॉडी उचलता यावी म्हणून वायरीला २-३ सेंमी ढील ठेवा आणि ती मोटरच्या फिरत्या फ्लायव्हीलपासून दूर चिकटवा.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

घोडबंदरकर:
आभार! डीसीसीसाठी आत्ताच काय करून ठेवू?

रूळमित्र:
दोन्ही दिव्यांच्या वायरी चासीपासून पूर्ण सुट्या करा. बऱ्याच जुन्या इंजिनांत चासीच एका बाजूची वायर म्हणून वापरलेली असते, डीसीसीत ते चालत नाही. डिकोडरची (डीसीसीचे संदेश वाचणारा इंजिनातला छोटा बोर्ड) निळी वायर दोन्ही एलईडींच्या प्लसला म्हणजे लांब पायाला, पांढरी पुढच्या दिव्याच्या मायनसला, पिवळी मागच्या. प्रत्येक दिव्याला रेझिस्टर वेगळा. निळी, पांढरी, पिवळी यांपैकी एकही चासीला टेकली तर डिकोडर जळू शकतो. म्हणून डिकोडर लावण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून मोटरची दोन्ही टोकं आणि दिव्यांच्या वायरी चासीशी तपासा. कुठेही बीप येता कामा नये.