मदत हवी आहे: डीयूआयनंतर कारचा विमा, लॉस एंजेलिस की डॅलस?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहतो. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल (डीयूआय) त्याला शिक्षा झाली आहे आणि आता विमा कंपनीमार्फत एसआर-२२, म्हणजे आवश्यक विमा असल्याचे राज्याकडे द्यायचे प्रमाणपत्र, दाखल करूनच त्याला गाडी चालवता येते. नोकरीत त्याला लॉस एंजेलिस किंवा डॅलस यांपैकी एक ठिकाण निवडायचे आहे आणि घर ठरवण्याआधी विम्याचे गणित नीट समजून घ्यावे, असे आम्हा दोघांनाही वाटते.

कॅलिफोर्नियात १९८८ च्या प्रपोझिशन १०३ या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यामुळे हप्ता ठरवताना चालकाची नोंद, वर्षभरात गाडी किती मैल चालते आणि चालवण्याचा अनुभव या तीन गोष्टींना पत्त्यापेक्षा जास्त वजन द्यावे लागते, आणि क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) तर वापरताच येत नाही. चांगल्या चालकांना मिळणारी किमान २० टक्क्यांची सवलत मात्र डीयूआयमुळे १० वर्षे हातची जाते. असे असूनही पत्ता बदलला की आकडा बदलतोच. गाडी तीच, संरक्षण तेच ठेवून आम्ही लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेल आणि सांता क्लॅरिटाचे दोन झिपकोड (पिनकोड) घालून पाहिले, तेव्हा सर्वांत मोठा फरक लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई) आणि कोलिजन (धडकेत आपल्या गाडीचे नुकसान) यांच्या ओळींत दिसला. त्या भागातले अपघात, दुखापतीचे दावे आणि दुरुस्तीचा खर्च यांचा तो परिणाम असावा. गाडी रात्री रस्त्यावर उभी राहणार की गॅरेजमध्ये, हेही एजंटने आवर्जून विचारले.

टेक्सासमध्ये क्रेडिट स्कोअर विचारात घेतात आणि भावाचा स्कोअर उत्तम आहे. पण डॅलस परिसरात गारपीट वारंवार होते, त्यामुळे काँप्रिहेन्सिव्हचा, म्हणजे गारपीट, चोरी अशा धडकेशिवायच्या नुकसानीचा, भाग महाग पडेल, अशी मला काळजी वाटते.

डॅलस, प्लेनो किंवा अर्व्हिंगला राहणाऱ्यांनी कृपया सांगावे, की नोंदीवर डीयूआय असताना चांगल्या क्रेडिटचा खरोखर किती उपयोग होतो? कॅलिफोर्नियाचे एसआर-२२ मुदत संपेपर्यंत चालू ठेवून टेक्सासची पॉलिसी घेता येते का, आणि असे काम करणाऱ्या कंपन्या स्वतंत्र एजंटकडून मिळतात का? कोणीच विमा दिला नाही, तर कॅलिफोर्नियात आणि टेक्सासमध्येही जोखमीच्या चालकांसाठी सरकारमान्य योजना आहेत. त्यांतून कोणी विमा घेतला असल्यास त्याचा अनुभव कळवावा.

फ्रीमाँटचाच पत्ता पॉलिसीवर राहू द्यावा, असा सल्ला एका परिचितांनी दिला. तो आम्ही मानणार नाही, कारण गाडी कुठे उभी असते याची खोटी माहिती दिल्याचे उघड झाले, तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो आणि समोरच्या जखमी माणसाचेही हाल होतात. म्हणून खऱ्या पत्त्यावरच हप्ता कमी कसा करता येईल, एवढेच विचारतो आहे. लॉस एंजेलिसमध्ये कामाच्या जवळ घर घेऊन वर्षाचे मैल कमी केले, तर महागड्या झिपकोडचा भार कितपत भरून निघतो?